पाद्र्यानंतर कोण बोलतं?

१

विष्णू सर जिन्याच्या पायथ्याशी मरून पडलेले सापडले, आणि आठवडा उलटायच्या आत त्या घरातल्या तीन माणसांनी ‘मीच मारलं’ अशी कबुली दिली होती. एरवी रहस्यकथेत कोणी कबूल होत नाही ही पंचाईत असते. इथे कबूल व्हायला रांग लागली होती.

पोलीस येऊन गेले होते. म्हातारा माणूस, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, तोल गेला. त्यांच्या लेखी विषय संपला. डॉक्टरांनी मात्र जाता जाता एक वाक्य टाकलं, की लगेच आणलं असतं तर वाचलेही असते. त्या एका वाक्याने घराची पार दशा करून टाकली.

हे कबुल्यांचं मला कळलं रुचिराच्या फोनवरून. रुचिरा मेश्राम माझी विद्यार्थिनी, आता स्वतः कॉलेजात इंग्रजी शिकवते. सर तिच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायचे.

“मॅडम, आई जेवत नाहीये,” ती म्हणाली. “शुगरची गोळी घेते आणि वर काही खात नाही. काल बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. म्हणते, मी जिना पुसला म्हणून सर घसरले, आता घास उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हिचं काही खरं नाही. तुम्ही या. तिने मारलं नाही हे तिला सिद्ध करून दाखवा.”

“अगं, मी कादंबरी शिकवायचे. मी काय इन्स्पेक्टर आहे?”

“सर म्हणायचे, खोटं बोलणारा निवेदक लीला तीन पानांत पकडते.”

म्हणायचे खरे. आणि कशाला लपवू, ऐकून बरं वाटलं. सर गेलेले, आणि मी, लीलावती टिपणीस, रिटायर झाल्यावरही शाबासकीने फुलतेय! लाज वाटली, पण फोन ठेवल्याबरोबर छत्री घेऊन निघालेच.

आलमबागहून सरोजिनी नगर काही लांब नाही, पण जूनच्या दुपारी कानपूर रोडवर ऑटोत बसायचं म्हणजे शिक्षाच. मीही सरांचीच विद्यार्थिनी. वाटेत त्यांचा पहिला तास आठवत होता. विसाव्या शतकातली इंग्रजी कादंबरी हा त्यांचा पेपर. ते सांगायचे, जुन्या कादंबरीतला निवेदक देव असायचा. कोणाच्याही घरात शिरायचा, कोणाच्याही मनातलं ओळखायचा. मग विसावं शतक आलं, युद्धं आली, आणि लेखकांनी देवाला घरी बसवून गोष्ट माणसांच्या हातात दिली. कोणी वेडा, कोणी लहान मूल, कोणी स्वतःलाच फसवणारा. एकच घटना चौघं चार तऱ्हांनी सांगणार, आणि खरं काय ते वाचणाऱ्याने बघून घ्यायचं. एवढं झालं की फळ्यावर दोन प्रश्न लिहायचे, दरवर्षी तेच. कोण बोलतंय? आणि त्याला हे कळलं कुठून?

सरांनी लग्न केलं नाही, पुढे डोळे गेले, तेव्हा मेश्रामांनी त्यांना वरचा मजला दिला. भाडेकरू म्हणून आले आणि घरचेच झाले. दयाराम मेश्राम मूळचे भंडाऱ्याचे, सरकारी नोकरीत इकडे उत्तरेत आले आणि इकडेच रिटायर झाले. बायको कांताबाई, मुलगी रुचिरा, आणि मुलगा सुगत, तो अमौसीला विमानतळावर एका एअरलाइनच्या काउंटरवर असतो.

मी पोचले तेव्हा कांताबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. चेहरा पार उतरलेला. मला बघून उठायला गेल्या आणि परत बसल्या.

“मॅडम, तुम्ही काहून आल्या एवढ्या उन्हात?” त्या म्हणाल्या. “मी तर सगळ्यांना सांगूनच राहिली. मीच केलं.”

२

“अहो, केलं म्हणजे काय केलं ते तरी सांगा,” मी त्यांच्याशेजारी पायरीवरच बसले.

“सकाळी आंधी आली ना त्या दिवशी. सगळ्या जिन्यावर धूळच धूळ. दुपारी म्हटलं पोछा मारून घेऊ, मग हे आणि मी बाजारात जाऊ. पोछा मारला, आणि ओल्या जिन्यावर सरांना एकटं टाकून निघून गेली. मागच्या मागे ते उतरले असतील चहासाठी. सांगायचं होतं ना मी, सर, जिना ओला आहे म्हणून? मी बोलली नाही. वर जाऊनही बोलली नाही.”

“वर गेला होतात?”

“हो ना, सांगायला गेली, आम्ही बाजारात जाऊन येतो म्हणून. तर त्यांचा डबा चालू होता.”

डबा म्हणजे स्पीकर. दिसेनासं झाल्यापासून सर कादंबऱ्या ऐकायचे. फोनवर पुस्तक लावून ते या स्पीकरवर मोठ्याने सोडायचं. बटण त्यांना सापडत नसे, त्यामुळे लावायचा कांताबाईंनी आणि बंदही त्यांनीच, झोपायच्या आधी. मध्ये सर कुठेही उठून गेले तरी डबा आपला बोलत राहायचा. चुकलेला भाग मी माझा रचतो, असं म्हणायचे ते.

“त्या दिवशी नवीन पुस्तक लावून दिलं मी, जेवण झाल्यावर. तुम्हीच सांगितलं होतं ना ते?”

मीच सांगितलं होतं. मी सरांना फोनवर म्हटलं होतं, चार निवेदक आहेत, तुमच्या आवडीचं. एक नावाडी बुडून मरतो, आणि ते कसं झालं हे चौघं सांगतात. एकेकाला वेगळा आवाज दिलाय, सर, ऐकाच. म्हणजे या कबुल्यांच्या रांगेत चौथी मीही उभी होतेच.

“डब्यात काय चाललं होतं तेव्हा?”

“मला काय कळते इंग्रजी? पोछा मारत होती तोवर एक बाई बोलून राहिली होती. रडवेली. बिचारीचं कोणी गेलं असेल, असं वाटलं मला. मग मी वर गेली, तर बाई थांबली आणि एक म्हातारा सुरू झाला. घोगरा. सरांनी हात वर केला, थांबा म्हणून. मी थांबली, मग म्हटलं जाऊ द्या, ऐकू द्या त्यांना. आणि निघून आली.” त्यांनी तोंडावर पदर घेतला. “त्या म्हाताऱ्याच्या भानगडीत जिना ओला आहे म्हणायचं राहून गेलं.”

“आणि परत आलात तेव्हा?”

“सर इथं होते. इथंच, मी बसली आहे ना, इथंच.”

“आणि डबा?”

कांताबाईंनी पदर खाली घेतला. त्यांना हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

“डबा?” त्या सावकाश म्हणाल्या. “डबा तर बंद होता, मॅडम. घर एकदम शांत होतं.”

३

दयाराम मेश्रामांनी मला आत नेऊन कूलरसमोर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. साहेबांसमोर उभं राहायची सवय.

“मॅडम, कांताचं ऐकू नका. ते माझ्यामुळे झालं,” ते म्हणाले. “जिन्याचा कठडा हलतो. सर मला दर वेळी म्हणायचे, दयाराम, हा माझ्याआधी जाईल. मी हसायचो. वेल्डरला सांगतो, सांगतो करत राहिलो. त्या दिवशी बाजारात अचानक आठवलं, म्हणून हिला भाजीवाल्याकडे उभी करून वेल्डरकडे गेलो. दुकान बंद. बघा नशीब!”

“बराच वेळ गेला असेल त्यात?”

“गेला. हिने मग खूप सुनावलं.”

म्हणजे मध्ये काही वेळ दयाराम एकटे होते, आणि वेल्डरचं दुकान बंद असल्यामुळे ते तिथे गेले याला साक्षीदार कोणी नव्हता. मला स्वतःचा राग आला. ज्या माणसाने सरांना रोज हात धरून फिरायला नेलं, त्याच्याबद्दल मी हा विचार करत होते. पण एकदा प्रश्न विचारायला बसलं की मन असंच नालायकपणे चालतं.

रुचिराची कबुली मी चहा पिता पिता ऐकली. सकाळी कॉलेजला निघताना सरांनी तिला हाक मारली होती. आज नवीन पुस्तक लावणार, लवकर ये, दोघं मिळून ऐकू. ती म्हणाली, आज नाही सर, आज पेपर तपासायचे आहेत. “पेपर तर मी तपासलेच नाहीत मॅडम. स्टाफरूममध्ये गप्पा मारत बसले. मी आले असते तर ते उठलेच नसते.” तीही दुपारभर कॉलेजात होती, हे तिचं म्हणणं. तीही रडत होती.

या घरात प्रत्येकाची गोष्ट ‘मी जर’ने सुरू होत होती. मी जर बोलले असते, मी जर दुरुस्त केलं असतं, मी जर लवकर आले असते. दुःखातल्या माणसाचं हे असंच असतं. तो स्वतःला गोष्टीच्या मधोमध नेऊन उभा करतो.

संध्याकाळी सुगत ड्यूटीवरून आला. इस्त्रीचा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. लहानपणापासून ओळखते मी त्याला. मराठी सगळी कळते, पण उत्तर देणार हिंदीत. आईशीसुद्धा.

“आंटी, आप समझाइए न आई को,” तो बूट काढता काढता म्हणाला.

“तू त्या दिवशी कुठे होतास रे?”

“काउंटर पर. पापा का फोन आया, तब भागा.”

“आणि काय झालं असेल असं वाटतं तुला?”

“क्या होगा? बुज़ुर्ग आदमी थे. उठे होंगे, पैर फिसला होगा. होनी थी, आंटी. किसी की गलती नहीं है.”

शहाणं, समंजस उत्तर. पोलिसांनीही हेच लिहून नेलं होतं. मी मान हलवली आणि चहाचा कप खाली ठेवला. पण मनात काहीतरी खुपायला लागलं. सगळं घर स्वतःला मारून घेत असताना हा एकटा बाहेर उभा राहून गोष्ट सांगत होता. त्याच्या गोष्टीत ‘मी’ कुठेच नव्हता.

“रुचिरा,” मी म्हटलं, “वरची किल्ली दे.”

४

सर गेल्यापासून वर कोणी गेलं नव्हतं. त्या संध्याकाळीच कांताबाईंनी कुलूप घातलं होतं. मी आणि रुचिरा आत शिरलो तेव्हा खोलीत सरांच्या तेलाचा वास तसाच होता.

खुर्ची, तिच्या हाताला टेकवलेली काठी. हे बघून मी थबकले. सर काठीशिवाय जिना उतरत नसत.

टेबलावर फोन होता, चार्जरला लावलेलाच. शेजारी स्पीकर, तो बंद केला की फोनमधलं पुस्तकही तिथेच थांबायचं. त्याचं बटण मी चष्मा लावून शोधलं तेव्हा सापडलं, एवढं सपाट होतं. सरांना ते सापडणं शक्यच नव्हतं. मी फोन उघडला. पुस्तक जिथे थांबलं होतं तिथेच होतं. ‘भाग ३’ एवढंच लिहिलेलं, पुढे नाव नाही, गाव नाही. मी सुरू केलं.

एक लहान मुलगी बोलायला लागली, वाक्याच्या मधूनच. नावाड्याची होडी तिने खिडकीतून पाहिली होती, आणि ते ती कोणाला सांगत नव्हती. मी लगेच बंद केलं.

“ही कोण?” रुचिराने विचारलं.

“तिसरी निवेदक. तू हे पुस्तक ऐकलेलं नाहीस ना?”

“नाही. सरांबरोबर ऐकणार होते.”

मी सरांच्या पलंगावर बसले. “नीट ऐक. आई घराबाहेर पडली तेव्हा बाई संपून म्हातारा सुरू झाला होता. तो म्हातारा म्हणजे पाद्री. पाद्री किती बोलतो माहितेय? तासाच्या वर. कंटाळा आणतो. तो संपला, मग ही मुलगी आली, आणि तिच्या मध्यावर कोणीतरी डबा बंद केला. म्हणजे आई गेल्यावर चांगला तास उलटून गेल्यावर. सरांना बटण सापडत नव्हतं. आई-बाबा आले तेव्हा डबा बंदच होता. मग बंद कोणी केला?”

रुचिराचा चेहरा आधी उजळला. “म्हणजे आईचा जिना तोवर कधीच वाळला होता! या उन्हात तासभर पाणी राहील का?” आणि मग दुसरा अर्धा भाग तिच्या डोक्यात शिरला आणि ती खाली बसली. “म्हणजे इथे कोणीतरी आलं होतं.”

“घराची किल्ली कोणाकडे असते?”

“आमच्याचकडे,” ती म्हणाली. “चौघांकडेच.”

“आणि अजून एक. ही आपली सुटका अजून पुरी नाही,” मी म्हटलं. “आई बाहेर पडल्या पडल्या सर घसरले, आणि तासाभराने कोणी येऊन नुसता डबा बंद केला, असंही असू शकतं. तसं असेल तर पाणी आईचंच. डबा बंद झाला तेव्हा सर खुर्चीत होते की जिन्याखाली, हे फक्त बंद करणारा सांगू शकतो.”

मला रुचिराची दया आली. तिने मला आईला सोडवायला बोलावलं होतं, आणि मी तिला सांगत होते की आईला सोडवायचं तर बाबा, भाऊ आणि ती स्वतः, या तिघांपैकी कोणालातरी पकडावं लागेल.

५

खरं तर मी एकेकाला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. चांगल्या माणसाने तेच केलं असतं. पण मला सीन हवा होता. सगळ्यांना एका खोलीत बसवायचं, मधोमध मी. इतकी वर्षं हे वाचलं आणि शिकवलं, एकदा करून बघायची हौस होती. आज आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरांचा फोन आणि डबा खाली आणून हॉलमध्ये मांडला. “रविवारी सरांचं पुण्यानुमोदन आहे,” मी म्हटलं. “त्याआधी त्यांचं पुस्तक पुरं करू. अर्ध्यावर राहिलंय.” मेश्रामांच्या घरी माणूस गेल्यावर पुण्यानुमोदन करतात, सगळे जमतात, वंदना होते, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात. सरांना इथे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून यांनीच मांडलं होतं.

कांताबाई दिवाणावर, उशीला टेकून. बसवतही नव्हतं त्यांना. समोर ताट होतं, झाकलेलं, सकाळचंच. दयाराम खुर्चीत. रुचिरा आईचे पाय दाबत. सुगत दाराच्या चौकटीला टेकून, हेल्मेट हातात, जायच्या तयारीत.

आधी मी पहिल्या निवेदिकेचा, नावाड्याच्या विधवेचा तुकडा लावला. “हीच बाई!” कांताबाई म्हणाल्या. मग मी पुढे सरकवून पाद्र्याच्या अगदी शेवटाला आणलं, आणि कोणाला काही बोलले नाही.

पाद्री घोगऱ्या आवाजात आपली बाजू मांडत होता. मी जे केलं ते गावासाठी केलं, वगैरे. दयारामांचे डोळे मिटलेले. रुचिरा जमिनीकडे बघत होती. पाद्र्याने शेवटचं वाक्य म्हटलं, आणि डबा गप्प झाला. दोन भागांच्या मध्ये सोडतात तेवढी शांतता. कूलरचा आवाज तेवढा होता.

“बंद करो,” सुगत म्हणाला. “उस बच्ची को मत बुलवाओ, प्लीज़.”

आणि तेव्हा कुठे डब्यातून मुलीचा आवाज आला.

मी बंद केलं. दयारामांनी डोळे उघडले होते. सुगतच्या लक्षात यायला क्षण लागला, मग त्याने हेल्मेट दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

“सुगत,” मी म्हटलं, “पाद्र्यानंतर मुलगी बोलते हे तुला कळलं कुठून?”

६

त्याने हेल्मेट खाली ठेवलं, आणि भिंतीला धरून जमिनीवरच बसला.

“आया था,” तो म्हणाला. “ब्रेक में. बस पाँच मिनट के लिए. बाइक से दूर ही कितना है.”

“आणि?” दयारामांनी विचारलं. त्यांचा आवाज मी कधी एवढा कोरडा ऐकला नव्हता.

सुगतने एकदा बापाकडे पाहिलं. “दरवाज़ा खोला तो... सर नीचे पड़े थे. पहले से. मैं डर गया. ऊपर वो बोले जा रही थी, बोले जा रही थी, तो मैंने जाके बंद किया. और निकल गया. मुझे लगा ख़त्म हो गए हैं.”

गोष्ट पटण्यासारखी होती. पण मला दोन ठिकाणी खटकलं. घाबरलेला माणूस मेलेल्याला ओलांडून जिना चढून स्पीकर बंद करायला जात नाही, तो आल्या दाराने पळतो. आणि ती काठी. मी तोंड उघडलंच होतं, पण माझ्याआधी कांताबाई बोलल्या.

“पहिलेपासून पडले होते?” त्यांनी विचारलं. रागावून नाही. अगदी हळू.

“हाँ, आई.”

“म्हणजे मी गेल्याबरोबर घसरले.” त्यांनी मान हलवली. “मग माझंच पाणी. मी म्हणतच होती.” आणि त्यांनी समोरचं ताट हाताने आणखी लांब सरकवलं. कसलाही तमाशा नाही. निकाल ऐकावा तसा ऐकला त्यांनी, आणि उशीवर डोकं टेकलं. हात गादीवर पडला होता, मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत घसरावी एवढा बारीक झालेला.

सुगत त्या हाताकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते, आणि मला कळत होतं की या पोराला फक्त गप्प बसायचं आहे. गप्प बसला तर तो सुटला. माझ्याकडे काठीशिवाय काही नव्हतं.

“सूखा था,” तो म्हणाला.

कोणाला ऐकू आलं नाही. तो मोठ्याने ओरडला, “ज़ीना सूखा था, आई! तेरे पानी से कुछ नहीं हुआ. सर ऊपर बैठे थे. कुर्सी पे. ज़िंदा थे.”

मग ते सगळं बाहेर आलं. थंडीत त्याचं लग्न ठरलेलं, पूर्वाशी. पूर्वाच्या घरचे विचारत होते, मुलगी कुठे राहणार? खाली दोनच खोल्या. आई-बाबांना सांगितलं तर ते सरांना जा म्हणणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. म्हणून घरी कोणी नाही अशी वेळ गाठून तो स्वतः सांगायला आला. वर गेला, सर, ज़रूरी बात है म्हणाला, आणि डबा बंद केला. बोलला. सरांनी ऐकून घेतलं.

“और पता है क्या बोले?” सुगत रडत होता. “बोले, अरे, मला आधी सांगायचंस की. डाँटा भी नहीं. बोले, कांताबाईंना मीच सांगतो, म्हणजे तुला कोणी बोलणार नाही. और उठ के चल दिए. मैंने बोला भी कि आई बाज़ार गई है. सुने ही नहीं. मुझे पीछे जाना चाहिए था. हाथ पकड़ना चाहिए था. छड़ी तक नहीं दी मैंने.”

“मग काय करत होतास?” रुचिरा किंचाळली.

“कमरा देख रहा था,” तो म्हणाला. “कि अलमारी किस दीवार पे आएगी.”

मागून आवाज आला. तो धावला, तोवर सर खाली पोचले होते. हलले नाहीत. त्याला वाटलं गेले. आणि खरंच वाटलं की वाटून घेतलं, ते आता त्यालाही सांगता येत नव्हतं. परत अमौसीला जाऊन काउंटरवर उभा राहिला आणि लोकांना बोर्डिंग पास देत राहिला, बापाचा फोन येईपर्यंत.

ही दुसरी गोष्ट मी खरी मानली. सरांनीच शिकवलं होतं, माणूस स्वतःची बाजू सावरताना खोटं बोलतो, स्वतःच्या विरुद्ध कपाटाची भिंत कोणी रचून सांगत नाही. माझं काम संपलं होतं. कोडं सुटलं होतं, आणि मला घरातून पळून जावंसं वाटत होतं.

दयाराम उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रुचिराने भावाकडे पाठ केली. कांताबाई तेवढ्या त्याच्याकडे बघत होत्या.

“जिवंत होते,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणाले ना, लगेच आणलं असतं तर.”

“हाँ.”

“आणि मी इतके दिवस म्हणून राहिली, मी केलं, मी केलं. तू समोर बसून ऐकत होता.”

सुगतने मान खाली घातली.

मी पुढे झाले. “कांताबाई, माझं चुकलं. मी हे असं सगळ्यांसमोर—”

“तुमचं राहू द्या, मॅडम,” त्या म्हणाल्या. तोडून नाही, पण मला गप्प करण्याइतपत. मग सुगतला म्हणाल्या, “पोलिसांत जायचं ते तुझे बाबा आणि तू बघा. मी अडवणार नाही. पण त्याच्या आधी रविवारी सगळे येतील. सरांनी शिकवलेली पोरं येतील, इथल्या मराठी मंडळाची माणसं येतील. सगळ्यांना मी सांगून बसली आहे की माझ्या हातून झालं. आता मी नाही सांगणार. ताई नाही सांगणार, मॅडम नाही सांगणार. तू उभं राहून सांगशील. मघाशी सांगितलं तसंच. कपाटाचं पण.”

“आई, मुझसे नहीं होगा.”

“मलाही नाही होत काही,” त्या म्हणाल्या. “रुचि, हे ताट शिळं झालं. दुसरं वाढ.”

रुचिराने वरण-भात आणला. कांताबाई उठून बसल्या. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरला, दुसरा घशात अडकला, मी पाणी दिलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या जेवत होत्या. कोणी आग्रह केला नाही. अर्धा भात झाल्यावर त्या माझ्याकडे न बघताच बोलल्या.

“खावं लागते, मॅडम. रविवारी तिथं मला चक्कर येऊन नाही चालणार. तो बोलेल तोवर बसायचं आहे मला, समोर.”

७

रविवारी हॉल भरला. सरांचा फोटो, फुलं, मेणबत्त्या. वंदना झाली. मंडळाचे एकजण सरांच्या साधेपणाबद्दल बोलले, एका जुन्या विद्यार्थ्याने फळ्यावरच्या त्या दोन प्रश्नांची आठवण सांगितली, लोक हसले. मी बोलायचं नाकारलं.

मग सुगत उभा राहिला. लोकांना वाटलं, घरातला मुलगा म्हणून आभार मानणार. तो युनिफॉर्ममध्ये नव्हता. पांढरा सदरा, तोही चुरगळलेला. दयाराम खाली मान घालून बसले होते, पण बसले होते.

“मैं,” सुगत म्हणाला, आणि थांबला. त्याने सगळ्यांकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं, मग पहिल्या ओळीत बसलेल्या आईकडे. कोणी खोकलं. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, रहने दो, बहुत दुखी है बेचारा.

कांताबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. मांडीवर हात घट्ट धरून त्या ताठ बसल्या होत्या.

“पुढे बोल,” त्या म्हणाल्या.